साहेबरावाचे पहिले पाणी

वाचकहो, तुमच्या घरात सकाळचे पहिले पाणी कोणाला मिळते?

उत्तराची घाई करू नका. सोलापुरात राहात असाल तर या प्रश्नाचे वजन तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतला नळ पहाटे आधी खोकतो, मग घटकाभर वाहतो आणि वर्गणीचा विषय निघालेल्या शेटजीसारखा एकाएकी मुका होतो. तेवढ्यात भरून होईल तेच दिवसभराचे पाणी. कोणाकडे पहिला तांब्या देवाचा असतो, कोणाकडे तुळशीचा, कोणाकडे दारातल्या म्हशीचा. आमच्या गल्लीत एका घरी पहिला तांब्या एका इंग्रज साहेबाच्या चिरुटांचा होता. एकदोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. देवाचा तांब्या दुसरा. घरातल्या बाईने याबद्दल तोंड सोडले तेव्हा घरातला पुरुष शांतपणे म्हणाला, "देव वाळत न्हाय."

हे मल्लप्पाअण्णा. आमच्या शेजारच्या खोलीत राहात.

मी आजवर परकी सत्ता, सावकारी, हुंडा, तंबाखू आणि अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध पत्रके लिहिली. ती लिहिताना मला कधी अडचण पडली नाही. शत्रू एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, मध्ये शाई. अण्णांना कोणत्या बाजूला उभे करावे हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून हे पत्रक नाही.

अण्णा गिरणीत हवेवर होते. म्हणजे असे की, सोलापूरची हवा कोरडी आणि कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून मागांच्या खात्यात छताखालच्या नळ्यांतून पाण्याचा बारीक फवारा सोडतात. तो किती सोडायचा हे कळावे म्हणून भिंतीवर दोन तापमापक टांगलेले असतात, एक कोरडा आणि एक ओल्या चिंधीत गुंडाळलेला. त्या दोहोंतल्या फरकावरून हवेची ओल जोखायची आणि फवारा कमीजास्त करायचा, हे अण्णांचे काम. उमेदीची सारी वर्षे त्यांनी हेच केले. त्यामुळे जगात हवा नावाची एकच वस्तू आहे आणि बाकी सगळे तिच्यात टांगलेले आहे, अशी त्यांची समजूत झाली होती.

कोणाच्याही घरी गेले की ते उंबऱ्यातच थांबत, तर्जनी जिभेला लावत आणि ती वर धरत. मग आत येत, किंवा येत नसत. लग्नात ते वाजंत्र्यांना मांडवातून उठवून सावलीत नेऊन बसवत, कारण उन्हाने ताशाचे कातडे ताणून फाटते. एकदा एका कीर्तनकाराला त्यांनी भर रंगात थांबवून पाणी प्यायला लावले. तुमचा आवाज तुटायला आलाय, असे ते म्हणाले, आणि पुढच्याच ओवीला बुवांचा आवाज फाटला. तेव्हापासून ते बुवा आमच्या गल्लीकडे फिरकले नाहीत.

माणसेही ते हवेनेच मोजत. अमका ओला आहे, विश्वास ठेवू नका. तमका कोरडा आहे, पण तुटायचा नाही. माझे पहिले पत्रक मी त्यांना मोठ्या आवाजात वाचून दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, बोट वर धरले आणि म्हणाले, "सूत चांगलं हाय दत्तू. पण लई कोरडं. वाचणाऱ्याच्या हातात तुटंल." माझ्या लेखनावर एवढी नेमकी टीका त्यानंतर कोणी केली नाही, आणि मी तिचा काही उपयोगही केला नाही.

विणाई खात्याचा मुख्य एक इंग्रज साहेब होता. लाल, जाडजूड, तोंडात सदा चिरूट. मागांच्या खात्यात कापूस उडत असल्याने तिथे काडी पेटवायला बंदी. म्हणून आत तो विझलेला चिरूट नुसता चघळत फिरे आणि बाहेर पडताच पेटवी. गिरणीत लागणाऱ्या चिरुटांचा साठा तो अण्णांच्या मेजाच्या खणात ठेवी. त्याचा बंगला सोडला तर साऱ्या सोलापुरात चिरूट न वाळण्यासारखी तेवढीच एक जागा होती. अण्णांना स्वतःला तंबाखू वर्ज्य. नुसत्या वासानेही त्यांना शिंका येत.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला साहेब सहा महिन्यांच्या रजेवर विलायतेला निघाला. खणातले डबे बाहेर काढून तो अण्णांना म्हणाला, "मल्लप्पा, तुम लोग का हाथ में चीज दिया तो तीन बात होता. सूखता, टूटता, नहीं तो चोरी होता." आजूबाजूचे बाबू हसले. साहेब हसला म्हणून हसले, हे सांगायला नकोच.

अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, हे हितंच ठेवून जावा. आल्यावर एक ओढून बघा. मग बोला."

साहेब आणखी मोठ्याने हसला आणि सगळे डबे त्याने अण्णांच्या हातांवर रचले.

वाचकहो, अण्णांना काय हवे होते ते इथेच नीट समजून घ्या, कारण पुढचे सारे हास्यास्पद प्रकार त्या एका गोष्टीपायी झाले. त्यांना बढती नको होती, बक्षीसही नको होते. साहेबाने परत यावे, त्यातला एक चिरूट काडी लावून ओढावा आणि ज्या तोंडाने तो बोलला त्याच तोंडाने कबूल करावे, की वाळला नाही, तुटला नाही, चोरीला गेला नाही. बस्स, एवढेच.

खणात ठेवले तर चोरी होणार, म्हणून डबे घरी आले. घरी ठेवले तर वाळणार, म्हणून पेटी करायचे ठरले. साहेबाच्या बंगल्यात चिरूट वाळू न देणारी अशी एक पेटी होती. तो तिला ह्युमिडॉर म्हणे. अण्णांनी ती एकदा व्हरांड्यातून, पडद्याच्या फटीतून पाहिली होती. तेवढ्या दर्शनावर त्यांनी करवत हातात घेतली. हवेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लाकडात मात्र त्यांचा हात धरायला कोणीतरी हवे होते.

पहिली पेटी कडुलिंबाची झाली. लिंबाला कीड लागत नाही, हा विचार. पंधरवड्याने झाकण उघडले तेव्हा शेजारची नरसम्मा बीड्या वळता वळता म्हणाली की, देवी आलेल्या पोराच्या खोलीसारखा वास येतोय. आणि खरोखरच तसा येत होता. ती पेटी चुलीत गेली.

मग एके दिवशी गौराक्का, म्हणजे अण्णांची बायको, बाजारातून घरी आली तर आढ्याचा पाळणा नाहीसा झालेला. शिवणीच्या लाकडाचा जुना पाळणा. घरातली सारी मुले त्यात वाढली आणि मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली. आता त्याच्या फळ्या भिंतीला ओळीने उभ्या होत्या आणि अण्णा त्यांच्यावर रंधा मारत होते. शिवण हलकी असते, तिला वास नसतो आणि ती पाण्याने फारशी वाकत नाही, असे अण्णांनी त्यांना कोणी न विचारता सांगितले.  गल्लीला वाटले, आता ही माहेरी जाणार.

ती माहेरी गेली नाही. पेटी पुरी झाली त्या दिवशी तिने गल्लीतल्या सगळ्या बायकांना बारशाचे बोलावणे केले. पेटीला झबले घातले, काजळाची तीट लावली, घुगऱ्या वाटल्या आणि आत्या म्हणून नरसम्माला पुढे करून पेटीच्या फटीत नाव सांगायला लावले. नाव ठेवले साहेबराव.

"लाकूड पाळण्याचं हाय," गौराक्का म्हणाली, "मग नाव नको व्हय?"

हा टोला अण्णांना लागावा म्हणून होता. अण्णा कामावरून आले, त्यांनी पसाभर घुगऱ्या खाल्ल्या, नाव बरे आहे म्हणाले, आणि एवढ्या बायकांच्या श्वासाने खोलीची हवा किती ओली झाली ते बोट वर धरून पाहू लागले. त्या दिवसापासून पेटीचे दुसरे नाव कोणी घेतले नाही. "साहेबराव उठला का?" "साहेबरावाला पाणी पाजलंत का?" असे गल्लीत सर्रास विचारले जाई, आणि अण्णा गंभीरपणे उत्तर देत.

साहेबरावाची व्यवस्था अशी होती. पेटीच्या तळाशी मातीच्या पणत्या, पणत्यांत भाजक्या विटेचे तुकडे. पहाटे पहिल्या तांब्यातले पाणी उकळून, गार करून, धोतराच्या पदरातून गाळून त्या तुकड्यांना पाजायचे. वर बांबूच्या कामट्यांच्या जाळीवर चिरूट ओळीने निजलेले. दर रविवारी त्यांची कूस बदलायची. कूस बदलताना अण्णांना शिंका येत. प्रत्येक शिंकेला ते धावत अंगणात जात, कारण शिंकेची ओल हिशेबात धरलेली नव्हती.

नरसम्माला हे बघवत नसे. बीडीचे पान ती ओल्या गोणपाटात ठेवी, पण वळलेली बीडी उन्हात वाळवी. ती म्हणे, "धूर काढायची वस्तू. तिला पाणी कशाला पाजता, अण्णा?"  अण्णा म्हणत, साहेब आल्यावर विचारू.

पहिल्या पावसाळ्यात झाकण फुगून बसले ते निघेना. अण्णांनी हातोडी लावू दिली नाही. पेटी उन्हात ठेवली तर सांधे उघडतील, सावलीत ठेवली तर झाकण आणखी घट्ट होईल. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त सुभेदारांना बोलावले. त्यांनी एक पाय भिंतीला लावला, झाकणाला सुती दोर बांधला आणि पलटणीत शिकलेली एक आरोळी ठोकून ओढला. झाकण निघाले. सुभेदार नरसम्माच्या पानांच्या टोपलीत जाऊन बसले. आत साऱ्या चिरुटांवर पांढरी मऊ बुरशी आली होती.

गौराक्काने वाकून पाहिले. "साहेबरावाला मिसरूड फुटली की."

अण्णांनी एकेक चिरूट मलमलीच्या चिंधीने पुसला. बुरशी म्हणजे ओल जास्त झाली. नुसत्या बोटाने आता भागणार नव्हते. गिरणीतला तापमापक घरी आणणे म्हणजे चोरी, आणि चोरी तर त्यांना करायचीच नव्हती. मग त्यांना आठवले की खात्यात एकदा एक विलायती यंत्र फुटले होते आणि त्याच्या पोटात माणसाचा केस निघाला होता. केस ओलीने लांबतो, कोरड्याने आखडतो. अण्णांच्या डोक्यावर तर केस नव्हता. त्यांनी गौराक्काकडे एक मागितला.

आता हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगितले पाहिजे. आमच्याकडे बाई विंचरून झाल्यावर आपली गुंतवळ कधी उघड्यावर टाकत नाही. तिचा बोळा करते, त्यावर थुंकते आणि भिंतीच्या फटीत खुपसून ठेवते. कारण तो केस परक्याच्या हाती लागला तर त्याच्यावर करणी होते असे मानतात. आणि इथे नवरा सांगत होता की तुझा केस साहेबाच्या पेटीत टांगतो.

गौराक्काने लांबात लांब केस निवडून उपटून दिला.  अण्णांनी तो पेटीच्या आत खिळ्याला बांधला, खालच्या टोकाला काळा मणी अडकवला, मागे खडूची रेघ मारली आणि बाहेरून दिसावे म्हणून पेटीला फुटक्या तसबिरीची काच बसवली. मणी रेघेच्या खाली गेला तर ओल जास्त, वर गेला तर कमी. मान्य केले पाहिजे, ही युक्ती चालली. मिसरूड पुन्हा फुटली नाही.

पण नरसम्माने ते पाहिले. काळोख्या पेटीत बाईचा केस, केसाला काळा मणी, भोवती साहेबाच्या वस्तू. एवढे पुरे होते.

दसरा झाला, दिवाळी झाली, साहेब आला नाही. रजा वाढवली असे गिरणीत कळले. पुढच्या वर्षीही वाढवली. आणि गल्लीत हळू आवाजात ठरून गेले की, गौराक्काने साहेबाला बांधून टाकले. केस टांगलेला आहे तोवर तो समुद्र ओलांडू शकत नाही. बायका येऊ लागल्या. एकीला सासू गावीच थांबायला हवी होती, एकीला भाडे मागणारा घरमालक. एका बाईने तर गस्तीच्या हवालदाराच्या पागोट्याचा धागा आणला. गौराक्का सगळ्यांना चहा पाजून परत पाठवी. मी या प्रकाराविरुद्ध ताबडतोब पत्रक लिहायला घेतले. "सुज्ञ भगिनींनो" इथपर्यंत आलो आणि माझे नाक त्या काचेला कसे लागले ते मला कळले नाही. मणी रेघेवर स्थिर होता. एक साहेब एका केसाने अडत असेल, तर जिल्ह्याचे सगळे साहेब अडवायला किती वेण्या लागतील? असा विचार एका विचारी तरुणाच्या मनात क्षणभर का होईना आला, हे मी देशाच्या दुर्दशेचे लक्षण समजतो. पत्रक तसेच राहिले.

त्यानंतरच्या साली गिरण्यांचा संप झाला. अण्णा पहिल्या दिवसापासून संपात. फाटकाशी उभे राहून ते घोषणा देत, आणि मध्येच बोट वर धरून शेजाऱ्याला सांगत की आत फवारा बंद आहे, सूत आता तडातड तुटत असेल. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका पडे की लोकांना वाटे, हा फितूर होणार. ते फितूर झाले नाहीत. पण पहाटेचा पहिला तांब्या चालूच राहिला. मी त्यांना भर गल्लीत विचारले की, ज्या वर्गाशी आपला लढा आहे त्याच्या चैनीला पाणी घालणे संपाच्या कोणत्या तत्त्वात बसते?

"संप गिरणीशी हाय," अण्णा म्हणाले. "साहेबरावाशी न्हाय."

त्याच दिवसांत चौकात विलायती कपड्यांची होळी ठरली. मी आणि माझे दोन मित्र अण्णांच्या दारात गेलो. होळीत चिरुटांची पेटी पडली तर तिचा केवढा परिणाम होईल हे मी त्यांना समजावून सांगितले. अण्णा साहेबरावापुढे मांडी घालून बसले होते.

"इलायती कसं?" ते म्हणाले. "डब्यावर दिंडीगल लिवलंय, मद्रासकडचं गाव, तूच वाचून दावलंस. पान आपलं, वळणारे हात आपले. मग इलायती काय हाय त्यात?"

"ओढणारा," मी म्हणालो.

माझे मित्र माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले.  अण्णा उठले, खुंटीवरचा आपला लग्नातला कोट काढला आणि माझ्या हातात दिला. तो खराच विलायती कापडाचा होता. सणावारी घालायला तेवढाच एक.

"हा घे," ते म्हणाले. "जाळायला आपली वस्तू लागती, दत्तू. दुसऱ्यानं ठेवाय दिलेली जाळली तर ती चोरीच की. आणि चोरी करतात म्हणून तर तो बोलून गेलाय."

मला हे तेव्हा पटले नाही. आजही पूर्ण पटत नाही. ठेव कोणाची, कोणाच्या घामातून आलेली, असे बरेच प्रश्न त्यात आहेत, आणि ते मी पुढे एका लेखात मांडलेही आहेत. पण त्या संध्याकाळी होळीत सर्वांत चांगला जळला तो अण्णांचा कोट. अण्णा उघड्या अंगाने सगळ्यांच्या पुढे उभे होते. जाळ वर चढला तसे त्यांनी बोट ओले करून हवेत धरले आणि एकदम घराकडे धावत सुटले. एवढ्या आगीने गल्लीची हवा सुकली असणार, आणि साहेबराव एकटा होता.

संप मिटला, अण्णा पुन्हा हवेवर गेले, आणि विणाई खात्याला नवा साहेब आला. जुना विलायतेतच कायमचा राहिला होता. नवा विलायतेहून निघण्यापूर्वी त्याला भेटून आला होता, असे कळताच अण्णांनी हेडक्लार्कना पुढे घालून त्याला गाठले. पूर्वी हेडक्लार्कांच्याच हातून त्यांनी निरोप धाडला होता की, चिरूट सुखरूप आहेत, केव्हाही या. त्याचे काय झाले?

नवा साहेब म्हणाला, निरोप पोचला होता. जुन्या साहेबाने उलट मलाच विचारले, कसले चिरूट? आणि असतील तर टाकून द्या म्हणाला.

हे हेडक्लार्कांनी मराठीत सांगितले आणि दोन मागांच्या मध्ये उभ्या असलेल्या अण्णांना ते खडखडाटात ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा ओरडून सांगितले. साऱ्या खात्याने ऐकले. अण्णांना ज्याच्या तोंडून कबुली हवी होती त्याला ना ते चिरूट आठवत होते, ना आपले बोलणे. तरी अण्णांनी जागच्या जागी दुसरा प्रश्न विचारला: मग साहेब, तुम्ही एखादा ओढून बघता का? नवा साहेब धार्मिक वृत्तीचा होता. त्याने खिशातून तंबाखूच्या दुष्परिणामांवरचे एक इंग्रजी पत्रक काढून अण्णांना दिले. संध्याकाळी मी ते त्यांना मराठीत करून सांगितले. पत्रक उत्तम होते. मला त्याचा हेवा वाटला.

"हे बी कोरडंच हाय," अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

गल्लीने ठरवले की साहेबराव संपला. नरसम्मा तर म्हणाली की आता तरी केस सोडा, तो मनुष्य कशाला अडकून पडावा. पहाटे नळ खोकला तेव्हा अण्णा उठले नाहीत. असे मी प्रथमच पाहात होतो. मी माझी घागर घेऊन रांगेत उभा होतो. पुढे गौराक्का होती. तिने तांब्या भरला, घरात नेला, पाणी उकळायला ठेवले आणि मोठ्याने म्हणाली, "उठा. तुमाला उशीर झालाय. साहेबराव वाट बघतोय."

काही वेळाने आतून शिंक ऐकू आली.

साहेबाने टाकून द्या म्हटल्याने चिरूट आता अण्णांचे झाले होते. कोणालाही द्यायला ते मोकळे होते. फक्त पारखणारा सापडत नव्हता. सुभेदार आपणहून आले. अण्णांनी त्यांना एक चिरूट दिला. तो मागे बाहेरून तडकला होता, तेव्हा गिरणीच्या माणसाला जे सुचावे तेच अण्णांना सुचले होते: ताण्याच्या उभ्या सुताला ते तुटू नये म्हणून देतात तशी त्यांनी त्याला चिंचोक्याची खळ दिली होती. चिरूट शिपायाच्या दांड्यासारखा ताठ झाला होता. सुभेदारांनी तो मोठ्या कष्टाने पेटवला. साऱ्या गल्लीत भाजलेल्या चिंचोक्यांचा वास सुटला आणि दोन बायका चिंचोके कुणाकडे भाजताहेत ते विचारायला आल्या. सुभेदार डोळे मिटून म्हणाले, "फर्स्ट क्लास." पण सुभेदार गोवरीच्या धुरालाही फर्स्ट क्लासच म्हणत. अण्णांनी मान हलवली. हे प्रमाणपत्र चालणार नव्हते.

गौराक्काने मला एकदा बाजूला घेऊन सांगितले की, तू एक ओढ आणि चांगला हाय म्हण, म्हाताऱ्याचं समाधान होईल. मी तंबाखू न ओढण्याची जाहीर प्रतिज्ञा घेतलेली होती, तरी मी विचार केला असता. पण अण्णांनी ऐकले होते. ते आतूनच म्हणाले, "त्याला काय कळतंय? त्यानं बीडी बी वढली न्हाय. जाणता माणूस पायजे. आणि वाईट असला तर वाईट म्हणणारा."

मी पुण्याला एका साप्ताहिकात काम करायला निघालो त्या सकाळी मी अण्णांना शेवटचे पाहिले. उजाडत होते. साहेबरावाचे झाकण उघडे होते. अण्णांची पाठ आता वाकली होती आणि गिरणीतली नोकरी सुटली होती. चिरुटांची कूस बदलायला त्यांना बराच वेळ लागे. त्यांनी शेवटचा चिरूट वळवला, झाकण लावले आणि काचेला डोळा लावला. टांगलेला केस पांढरा होता. जुना तुटल्यावर गौराक्काने दुसरा दिला होता. मणी रेघेवर होता.

मी पाया पडलो. त्यांनी सवयीने बोट ओले केले, माझ्या डोक्यावर हवेत धरले आणि म्हणाले, "तिकडची हवा बरी हाय म्हणत्यात." मग थोडे थांबून, "तू लिवतोस की लोकांना. हे कर, ते करू नका. मग एवढं एक लिव."

"काय लिहू?"

"ओढणारा पायजे."

म्हणून हे लिहिले. वाचकहो, मी तंबाखूचा शत्रू आहे आणि तुमच्यापैकी ज्यांनी माझी पत्रके वाचून तंबाखू सोडली असेल त्यांचे मी अभिनंदन करतो. ही विनंती त्यांना नाही. ही विनंती त्यांना आहे ज्यांना चिरुटाची खरी पारख आहे, ज्यांनी चांगले वाईट पुष्कळ ओढले आहेत आणि ज्यांना तोंडावर खोटे बोलता येत नाही. एकदा सोलापूरला या. गिरणीच्या भोंग्याच्या रोखाने चालत आमच्या गल्लीत शिरा आणि साहेबरावाचे घर विचारा, कोणीही दाखवील. उंबऱ्यात थोडे थांबा, ते बोट वर धरतील. मग एक चिरूट मागून घ्या, तिथेच त्यांच्यासमोर बसा, सावकाश ओढा आणि तो कसा आहे ते त्यांना खरे सांगा.

आणि येताना काडेपेटी तेवढी स्वदेशी आणा.